पाटे बसतात तेव्हा

महामार्गावर टायरवाला आणि चहावाला यांच्या मधे कुठेतरी 'कमानपाटे' अशी पाटी दिसते. ऑईलपेंटने रंगवलेली, किंचित तिरकी अक्षरं. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. मराठीत ही कमान वेशीवर चढली, घड्याळाच्या पोटात शिरली, टांग्याखाली गेली आणि जीपखालीही आली. जीपखालच्या पोलादी पट्ट्यांना हे नाव ज्याने दिलं, त्याला ती वस्तू पुरती कळली होती. ती धनुष्यासारखी वाकून जोर साठवते आणि वेशीवरच्या कमानीसारखं डोक्यावरचं ओझंही पेलते.

अशाच एका दुकानात मित्राची जुनी जीप उभी होती. पावसाळाभर मावळातला चिखल तुडवून आलेली, उजव्या अंगाला कललेली. मित्राला वाटत होतं, टायरमधली हवा कमी असेल. मिस्त्रींनी काही न बोलता टेप काढली आणि चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. जमिनीपासून का नाही? कारण मग टायरची हवा आणि अंगणाचा उतारही मापात शिरतो. उजवीकडे तीन सेंटिमीटर कमी भरलं.

"पाटे बसलेत," मिस्त्री म्हणाले.

पोलाद 'बसतं' म्हणजे काय होतं? रॉबर्ट हुकने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापला: जेवढं ओझं, तेवढं वाकणं, ओझं काढलं की स्प्रिंग पुन्हा मूळ जागी. पण हे एका मर्यादेपर्यंतच. खड्ड्यात आदळताना ती मर्यादा केसभर ओलांडली गेली, तर पाटा परत येताना केसभर कमी येतो. हे हजारो वेळा झालं की कमानीची सपाट पट्टी होऊ लागते. जीप बहुधा एकटा माणूस चालवत असेल, तर उजवी बाजू आधी बसण्यात नवल नाही.

एकाच जाड पट्टीऐवजी पाट्यांची चळत कशासाठी, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. उत्तर शंकरपाळ्यात आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा पोलादी पत्रा दोन टोकांवर टेकवा आणि मधे ओझं ठेवा. मधे वाकवणारा जोर सर्वांत जास्त आणि रुंदीही तिथेच सर्वांत जास्त, त्यामुळे पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच राबतो. पण एवढा रुंद पत्रा चाकाशेजारी मावणार कुठे? म्हणून त्याच्या लांबट पट्ट्या कापायच्या आणि एकाखाली एक रचायच्या: सर्वांत लांब वर, मग आखूड, त्याहून आखूड. झाली चळत! शिवाय पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. त्यामुळे एकच जाड पाटा आडमुठा झाला असता. पातळ पाट्यांची चळत ओझं पेलते आणि लवतेही.

मिस्त्री खाली झोपले आणि टॉर्चच्या उजेडात एकेक पाटा पाहू लागले. तिसऱ्या पाट्याला आडवी चीर होती. चीर पृष्ठभागावर सुरू होते, एखाद्या ओरखड्यापाशी किंवा गंजाच्या खड्ड्यापाशी, आणि दर हेलकाव्याला थोडी थोडी आत सरकते. शेजारचा दुकानदार म्हणाला, "तापवून, ठोकून पुन्हा कमान देता येईल." मिस्त्रींनी मान हलवली. तलवारीला पाणी देतात तसं पाट्यालाही पाणी दिलेलं असतं; भट्टीत तापवून नुसता वाकवला तर ते उतरतं. त्याला पुन्हा नीट पाणी देणारा कारागीर आता शोधावा लागतो. शेवटी दोन्ही बाजूंचे पाटे नवे घेतले, कारण एकच बाजू नवी बसवली असती तर जीप डावीकडे कलली असती.

मला सर्वांत जास्त भुरळ पडली ती मात्र पाट्याच्या टोकांतल्या बुशची. खड्ड्यात पाटा सपाट होतो म्हणजे लांब होतो. म्हणून त्याचं एक टोक पक्कं असतं आणि दुसरं शॅकल नावाच्या लहान दुव्यावर झुलतं. दोन्ही टोकं दर धक्क्याला काही अंश फिरतात. म्हणजे तिथे बिजागरी हवी, आणि बिजागरी म्हटली की घासणं आलं, चिखल आला, ग्रीस आलं. युद्धकाळातल्या विलीस जीपच्या शॅकलला आट्यांचे धातूचे बुश होते आणि त्यांना सतत ग्रीस लागायचं. आता तिथे रबर असतं. दोन पोलादी नळ्या, एकीत एक, आणि मधे घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी पाट्याला धरून, आतली बोल्टने आवळलेली. पाटा फिरला की रबर पिळवटतं आणि परत येतं. कुठेही काहीच घासत नाही. न घासणारी बिजागरी!

म्हणूनच बुश गेला की आधी रंगाने कळतं. रबर फाटलं, लोखंडाला लोखंड लागलं, की बोल्टच्या कडेने तांबूस भुकटी झिरपते. गतिरोधकावरची 'खट' नंतर ऐकू येते. मिस्त्रींनी पहार घालून अलगद रेटा दिला. चांगला बुश कुरकुरत थोडासा हलतो. हा एकदम सैल सरकला.

नवे पाटे चढले, ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे लागले. जुने यू-बोल्ट ताणून लांबलेले असतात, त्यांना पुन्हा तेवढी पकड येत नाही. पकड ढिली पडली की ॲक्सलचा सगळा रेटा चळतीतून जाणाऱ्या मधल्या बारीक बोल्टवर येतो. तो तुटला, तर ॲक्सल मागे सरकतो आणि जीप सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालू लागते.

मित्र मात्र वैतागला होता, कारण बुशचे बोल्ट मिस्त्रींनी नुसते अडकवून ठेवले होते. त्यांनी आधी जीप स्टँडवरून उतरवली, चाकांवर तिचं वजन येऊ दिलं, हाताने चारदा हेलकावली आणि मगच पाना लावला. जीप हवेत असताना आवळलं असतं, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेला आपली मूळ जागा मानून बसलं असतं. उभ्या जीपमध्येही ते कायम पिळलेलं राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं.

(२०२० च्या थारमध्ये पाटे नाहीत, पुढे-मागे कॉइल स्प्रिंगा आहेत. बुश मात्र उलट वाढले आहेत.)

मग शॉकअप. पाटा धक्का फक्त साठवतो, संपवत नाही. संपवतो तो शॉकअप: तेलाला बारीक भोकांतून ढकलून हालचालीची उष्णता करतो. दीड टनाची जीप दहा सेंटिमीटर खाली आली, तर सुटलेल्या ऊर्जेने पेलाभर पाणी जेमतेम दीड अंशाने तापेल. पण खराब रस्त्यावर असे हेलकावे संपतच नाहीत.

मित्राने जीप मागच्या कच्च्या रस्त्यावर चांगली दहा मिनिटं दामटली. परत आल्यावर मिस्त्री चारही चाकांपाशी गेले आणि प्रत्येक शॉकअपला तळहात लावून पाहिला. तीन गरम होते. मागचा डावा गार.

"हा कामच करत नाही," ते म्हणाले आणि पोराला हाक मारली, "मागची जोडी काढ रे."