माठातले पाणी गोव्यात कमी गार का होते?

एप्रिलमध्ये ग्वाल्हेरच्या माठातल्या पाण्याने दात शिवशिवावेत आणि पणजीतल्या माठाचे पाणी मात्र जेमतेम गार लागावे, याचा दोष पुष्कळदा कुंभाराच्या मातीला दिला जातो. माती बिचारी निर्दोष असते. फरक हवेत असतो.

माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती बव्हंशी माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते. हवा ४० अंश सेल्सियस व आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. किनाऱ्यावर ३३ अंश व ७५ टक्के आर्द्रता असता ते २९ च्या खाली जाणे कठीण. बाष्पाने भरलेली हवा आणखी बाष्प सावकाशच घेते. पावसाळ्यात तर माठ नुसता ओला राहतो.

मनुष्याचे शरीरही हाच उपाय योजते. घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने अंग निवते. दमट हवेत तो निथळतो, वाळत नाही. म्हणून तापमापीवरचा आकडा लहान दिसला, तरी उन्हात राबणाऱ्याच्या शरीरात उष्णता साचत जाते. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशासाठी ४० अंशांपासून करतो, किनारपट्टीसाठी ३७ पासूनच. अशा दिवशी कोणी घामाने भिजलेला असूनही गरगरू लागला, तर त्याला सावलीत आणून अंग गार पाण्याने पुसावे आणि वारा घालावा. तो बरळू लागला, तर रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये.