पेटीत सापडलेली नानी

गेल्या रविवारी अमरावतीहून अकोल्याला मामूंकडे इफ्तारला गेलो. मगरिबची नमाज झाली, चहा आला आणि मामूंनी पत्र्याची जुनी पेटी उघडली. फोटो चाळताना एक लहानसा चेहरा हाती लागला. डोक्यावर ओढणी, नजर थेट समोर. नानी! पडद्याच्या रीतीत वाढलेली नानी फोटोला कधी बसली?

मामू म्हणाले, "हजच्या कागदांसाठी काढला होता. तेवढा एकच."

१९९५पर्यंत मुंबईहून हजची जहाजे सुटत. नानी अशाच एका जहाजाने गेली होती. निघताना शेजारच्या काकूंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या, हेही मामूंना आठवले.

फोटोच्या मागे नानांच्या उर्दू अक्षरांत तिचे नाव होते. आम्हा नातवंडांसाठी ती नुसती नानी; नाव कधी विचारलेच नव्हते. माझ्या मुलीला उर्दू वाचता येत नाही. मी वाचून दाखवले, तिने पेन्सिलने खाली देवनागरीत लिहिले.

फोटो टिकतात, ओळख सांगणारी माणसे जातात. ईद असो वा दिवाळी, थोरले घरात आहेत तोवर पेटी उघडा आणि विचारा, "हे कोण?"