औषधाची किंमत कशात असते?

गोळीसाठी दुकानात मोजलेले पैसे तिच्यातील द्रव्याचे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग बळावला असता सोराफेनिब नावाचे औषध देतात. त्याने रोग समूळ नाहीसा होत नाही, परंतु आयुष्य काही महिने वाढू शकते. भारतात त्याचे पेटंट बायर या जर्मन कंपनीकडे होते. एका महिन्याच्या १२० गोळ्यांस ती सुमारे २,८०,००० रुपये घेत असे. २०१२ साली हैदराबादच्या नॅटको कंपनीस त्याच गोळ्या ८,८८० रुपयांहून अधिक दराने न विकण्याच्या अटीवर परवाना मिळाला. रसायन तेच होते. मग एवढा फरक कोठून आला?

फरक एकाधिकाराचा होता. पेटंट असेपर्यंत, म्हणजे अर्जापासून वीस वर्षे, ती वस्तू दुसऱ्या कोणास करता येत नाही. शिवाय औषधाचा बाजार इतर बाजारांसारखा नाही. तांदूळ महाग वाटला तर मनुष्य ज्वारी खातो. रोग्यास असा पर्याय नसतो. औषध निवडतो डॉक्टर, पैसे भरतो रोगी. घासाघीस करणार कोण?

संशोधनास अमाप खर्च येतो, असे कंपन्या सांगतात. ते खोटे नाही. तपासलेल्या संयुगांपैकी बहुतेक निरुपयोगी ठरतात व रोग्यांवरील चाचण्यांस वर्षे लागतात. तथापि किंमत ठरते ती झालेल्या खर्चावरून नव्हे, तर रोगी किती देऊ शकेल यावरून.

१९११ च्या कायद्याने औषधी द्रव्यावरच पेटंट मिळत असे, आणि स्वतंत्र भारतातही कित्येक औषधांच्या किमती जगातील अत्यंत चढ्या किमतींत मोडत. १९७० च्या कायद्याने पेटंट केवळ कृतीपुरते ठेवले. मग तेच द्रव्य वेगळ्या कृतीने बनविण्यात भारतीय रसायनज्ञ तरबेज झाले. पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक पडणारी एड्सवरील तीन औषधे मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली सुमारे ३५० डॉलरांत देऊ केली.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ साली द्रव्यावरील पेटंट परत आले. सक्तीच्या परवान्याचे कलम मात्र कायद्यात राहिले, आणि नॅटकोला परवाना मिळाला तो त्याच आधारे. मूळ कंपनीला विक्रीवर सहा टक्के, पुढे सात टक्के स्वामित्वधन ठरले. गरज असलेल्या रोग्यांपैकी दोन टक्क्यांहून किंचित अधिक लोकांपर्यंतच महाग औषध पोचले होते, असे त्या निर्णयात नमूद आहे.