फ्यूजमध्ये जाड तार नको

मैत्रिणींनो, आपल्या गटांची मिरची कांडपाची, शेवयांची यंत्रं विजेवर चालतात. ऐन हंगामात फ्यूज उडाला की काम अडतं. मग कुणीतरी त्यात वायरीतली जाड तांब्याची तार गुंडाळतं. 'आता नाही उडणार!' खरंच उडत नाही, पण जळायचं ते दुसरीकडे जळतं.

फ्यूजची तार मुद्दामच बारीक असते. यंत्र अडकलं किंवा वायरला वायर चिकटली की प्रवाह वाढतो, तार तापून वितळते आणि वीज तुटते. जाड तार वितळत नाही. मग भिंतीतली वायर नाहीतर मोटारीचं वाइंडिंग तापत जातं. म्हणून आम्ही गटांना सांगतो, वायरमनला विचारून योग्य अँपिअरची तार डबीत ठेवा, मेन स्विच बंद करूनच बदला. पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष यंत्रात किंवा वायरिंगमध्ये शोधा.

आणि हो, फ्यूज शॉकपासून वाचवत नाही. 5 अँपिअरचा फ्यूज उडायला लागतो त्याच्या कितीतरी कमी प्रवाहात माणूस दगावतो. त्यासाठी चांगलं अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. यंत्रासाठी कर्ज मागताना तिचाही खर्च धरा.