लांबचा झोत, पायाजवळचा अंधार
जामखेडला बँकेत असताना मोटरसाठी कर्ज घेतलेल्यांच्या शिवारात जात असे. रात्रीच्या विजेवर दारं धरणाऱ्या एका शेतकऱ्याला माझी नवी बॅटरी कौतुकानं दाखवली. झोत थेट पलीकडच्या बांधावर पडला. तो हसला आणि विचारता झाला, यात पायाजवळचा साप दिसेल का?

आज जगभरचे हौशी एकत्र येऊन लांब झोताच्या बॅटऱ्या घडवतात. कुणी एलईडी निवडतो, कुणी आरशाची वाटी, कुणी सेल. पण अंतर दुप्पट करायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. किलोमीटरभर अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचवायचा, तर अडीच लाख कँडेला! त्यासाठी झोत बारीक करावा लागतो. मग पायाजवळ अंधारच.

हौशी मंडळींनी एक बॅटरी दारं धरणाऱ्यासाठीही घडवावी. उजेड पसरट, कपाळाला बांधलेली, म्हणजे हात फावड्याला मोकळे.