पाहुणे आले, पण पैसा कोणाच्या गल्ल्यात? मॉरिशसचा धडा

हिंदी महासागरातील मॉरिशस हा देश आकाराने आपल्या बीड जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत कोकणची मराठी कुटुंबेही होती. कच्छ व सुरतेकडील मुस्लिम व्यापाऱ्यांनी पोर्ट लुई शहरात कापड व धान्याच्या पेढ्या उघडल्या.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यात जवळजवळ सगळी साखरेची होती. वादळ आले की पीक गेले, भाव पडला की देश अडचणीत. म्हणून दोन नवे धंदे उभे करण्यात आले. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना करात व जकातीत सूट मिळाली आणि लोकरी स्वेटर व तयार कपडे परदेशी जाऊ लागले. दुसरा धंदा पर्यटनाचा. १९७० साली सुमारे २८ हजार पाहुणे आले. १९९० साली ते तीन लाखांच्या जवळ, २००० साली साडेसहा लाख आणि २०१८ साली जवळपास चौदा लाख झाले. देशाची स्वतःची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे!

हे कसे साधले? किनाऱ्याभोवती प्रवाळाचा बांध असल्याने आतले पाणी शांत राहते, ही कुदरतीची देणगी. बाकी हिशेब माणसांचा. स्वस्तातली गर्दी नको, थोडे पण खर्च करणारे गिऱ्हाईक हवे, असे धोरण सरकारने ठेवले. स्वतःची विमान कंपनी चालवली. साखरेत कमावलेले स्थानिक भांडवल हॉटेलांत गुंतले, त्यामुळे नफ्याचा काही भाग देशातच राहिला.

तरीही व्यापाऱ्याने दुसरी बाजू पाहावी. राहणे, जेवण, करमणूक यांचे पैसे पाहुणा आधीच भरून येतो आणि बरेचदा हॉटेलच्या आवारातच राहतो. धान्य, यंत्रे, इंधन बाहेरून येते, म्हणून आलेल्या पैशातला मोठा हिस्सा परत बाहेर जातो. बाजारातल्या लहान दुकानदाराला उरलेले मिळते. त्यातही ज्यांनी खास माल बनवला ते टिकले. तेथील कारागीर जुन्या गलबतांच्या लाकडी प्रतिकृती बनवतात. काम बारीक, वस्तू सहज नेता येण्याजोगी आणि मॉरिशसची ओळख सांगणारी. म्हणून तिला भाव मिळतो.

धोकेही आहेत. २००५ च्या आरंभी कापड व्यापारातील जागतिक कोटा पद्धत संपली आणि स्वस्त मालापुढे तेथील अनेक कारखाने बंद पडले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या, त्या पूर्णपणे ऑक्टोबर २०२१ मध्येच खुल्या झाल्या. त्याच काळात, २५ जुलै २०२० रोजी, एक जपानी मालकीचे जहाज प्रवाळावर आदळले आणि पुढे त्यातले तेल समुद्रात सांडले. एकाच धंद्यावर भिस्त ठेवण्याचा धोका यातून दिसतो.

आपल्या मराठवाड्यातही पाहुणे येतात. अजिंठा व वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. आमच्या धर्मापुरीतही केदारेश्वराचे प्राचीन मंदिर व किल्ला आहे. पण नुसती वर्दळ म्हणजे कमाई नव्हे. पाहुण्याने पिशवीतून काय नेले, हा खरा प्रश्न. हिमरूचा विणकर फक्त मोठी शाल घेऊन बसला, तर मोजकेच गिऱ्हाईक थांबेल. त्याच विणीचा बटवा, रुमाल, उशीचा अभ्रा ठेवला तर दहातले चार तरी थांबतील.

कारागीर व दुकानदार बांधवांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, मालावर किंमत लिहून ठेवा. परका माणूस घासाघीस करत बसत नाही, फसल्याचा संशय आला की निघून जातो. दोन, यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकू नका; एकाच्या लबाडीने सगळ्या बाजाराचे नाव जाते. तीन, सगळा माल एकाच हॉटेलला किंवा दलालाला उधारीवर देऊ नका. हंगाम संपला तरी चूल पेटती राहावी, म्हणून गावचे नेहमीचे गिऱ्हाईकही सांभाळा.