आयला! काय ही ब्रुकलॅडी!

दचकू नका, पत्ता सांगतोय! स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक बेट आहे. स्पेलिंग बघून भलेभले 'इस्ले' म्हणतात, पण उच्चार अगदी आपला: आयला! माणसं तीन हजारांच्या आसपास, व्हिस्कीचं नाव मात्र जगभर. इथली सगळ्यात मनस्वी डिस्टिलरी म्हणजे ब्रुकलॅडी. स्पेलिंगमध्ये अक्षरं १३, त्यातली शेवटची दोन चक्क गप्प!

माहीत आहे का, हिला एकदा टाळं लागलं होतं? १८८१ साली हार्वे बंधूंनी उभारलेली ही डिस्टिलरी १९९४ मध्ये बंद पडली. डिसेंबर २००० मध्ये लंडनचे वाइन व्यापारी मार्क रेनियर आणि मंडळींनी ती विकत घेतली. सोबतीला आणला जिम मॅकइवान हा आयलाचाच सुपुत्र. पिंपं बनवण्याचं काम शिकायला तो पंधराव्या वर्षी शेजारच्या बोमोर डिस्टिलरीत लागला होता. आता ब्रुकलॅडीची सूत्रं त्याच्या हाती आली आणि २००१ मध्ये भट्टी पुन्हा पेटली!

आत शिरलात तर थेट जुन्या काळात पोहोचाल. जव भरडायची चक्की १९१३ ची, अजून पट्ट्यावर फिरते. भरडा गरम पाण्यात कालवायचं बिडाचं भांडं वरून सताड उघडं. वाफा येतात, गोडसर वास दरवळतो, आत लोखंडी दाते गरागरा फिरतात. सगळी मदार माणसाच्या नाका-डोळ्यांवर. मला विचाराल तर इथली खरी श्रीमंती हीच.

बाटली फिरोजी का? समोरच्या लॉख इन्डाल खाडीवर ऊन पडलं की पाणी अगदी त्याच रंगाचं दिसतं म्हणून! आत वरून घातलेला रंग शून्य, आणि 'क्लासिक लॅडी'त अल्कोहोल थेट ५० टक्के.

आता धुराची गोष्ट. जव वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतली इंधनाची माती जाळली, की व्हिस्कीत धूर मुरतो. तो मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग. 'ब्रुकलॅडी' नावाने येते ती बिनधुराची. 'पोर्ट शार्लट' ४० पीपीएमची. आणि 'ऑक्टोमोर'? तिच्या ८.३ क्रमांकाच्या आवृत्तीतला जव होता ३०९.१ पीपीएमचा! याला म्हणतात धुरंधर!

जिनप्रेमींनो, तुमचीही सोय आहे. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात. जिनला असला वनवास नाही. इथल्या 'द बोटॅनिस्ट' जिनमध्ये आयलाच्या रानात हातानं खुडलेल्या २२ वनस्पती पडतात. ती बनते एका बुटक्या, जाडजूड तांब्याच्या भांड्यात. भंगारात जाता जाता वाचलेल्या या भांड्याचं लाडाचं नाव: अग्ली बेटी. रूपावर जाऊ नका, बेटी गुणाची आहे!

माहीत आहे का, इथली दारू पिऊन गाडीही पळाली आहे? माणसाने नाही हो, गाडीने प्यायली! मार्टिन मार्टिन या प्रवासी लेखकाने सतराव्या शतकाच्या अखेरीस चारदा गाळलेल्या एका जहाल पेयाची नोंद केली होती: दोन चमचे ठीक, पुढे जीवाशी गाठ. ते वाचून ब्रुकलॅडीवाल्यांनी २००६ मध्ये खरोखरच चारदा गाळून पाहिलं. पुढे बीबीसीच्या कार्यक्रमात जेम्स मे आणि ऑझ क्लार्क या सूत्रसंचालकांनी तेच रेसिंग कारच्या टाकीत ओतलं. गाडी सुसाट!

आणि आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. डिस्टिलरीने आपलं काम जगाला दिसावं म्हणून वेबकॅम लावले होते. २००३ मध्ये अमेरिकेहून ईमेल आला: तुमचा एक कॅमेरा बंद पडलाय. पाठवणारं कोण? सामूहिक संहाराच्या शस्त्रांवर, म्हणजे 'वेपन्स ऑफ मास डिस्ट्रक्शन'वर नजर ठेवणारी अमेरिकी संरक्षण खात्याची एजन्सी! व्हिस्कीची भांडी आणि रासायनिक शस्त्रांची यंत्रणा दिसायला सारखी, म्हणून साहेब लोक टक लावून बसले होते. ब्रुकलॅडीने लगोलग खास बाटली काढली, 'व्हिस्की ऑफ मास डिस्टिंक्शन'. आद्याक्षरं तीच, डब्ल्यूएमडी!

थांबा, याचा सिक्वेलही आहे. २००५ मध्ये आयलाच्या एका कोळ्याला समुद्रात पिवळीधमक छोटी पाणबुडी तरंगताना सापडली. सुरुंग शोधायचं ब्रिटिश नौदलाचं यंत्र होतं ते. संरक्षण खातं आधी म्हणालं, आमचं नाहीच! शेवटी नौदलाचं जहाज येऊन ते मुकाट्याने घेऊन गेलं. तोवर डिस्टिलरीत नवं लेबल ठरलंही होतं: 'यलो सबमरीन', डब्ल्यूएमडी नंबर दोन!